पिंजऱ्यातला ऋतू

(मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांनी या परिसरातल्या मुलांच्या कितीतरी तुकड्यांना जीवशास्त्र शिकवले. प्रजननाचा धडा ‘घरी वाचून या’ असे सांगून पुढे जाण्याची तेव्हा सर्रास पद्धत होती. सर तो धडा फळ्यावर आकृत्या काढून, एकही ओळ न गाळता शिकवत. त्यामुळे आजचा विषय निवडताना मला संकोच वाटला नाही. आपल्या घरांत कुत्र्या-मांजरांखेरीज जे प्राणी पाळले जातात, म्हणजे बजेरिगर, कॉकाटील, ससे, गिनीपिग, हॅमस्टर, परदेशी कासवे, त्यांचे प्रजनन आणि त्यातले विकार, याविषयी मी बोलणार आहे.

मी प्राण्यांची डॉक्टर आहे. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या इमारतींमध्ये असे प्राणी वाढत चालले आहेत, आणि त्याची कारणे आपल्याला ठाऊक आहेत. घर लहान, दोघेही नोकरीला, कुत्रा ठेवायचा म्हटले तर सोसायटीत वाद. मूल मात्र हट्ट धरून बसलेले. मग पिंजरा येतो, नाहीतर काचेची टाकी येते. काही महिन्यांनी ते कुटुंब दवाखान्यात येते. ‘पक्षी फुगून बसलाय.’ ‘ससा लाल लघवी करतोय.’ ‘कासव खात नाही, नुसती काच खरवडतंय.’ या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटतात. पुष्कळदा त्या तिन्हींचे मूळ प्रजनन संस्थेत असते आणि घरात कोणाच्या ते मनातही आलेले नसते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. प्रजनन हा शरीराने भोवताल वाचून घेतलेला निर्णय असतो. प्रकाश किती, अन्न किती, निवारा आहे का, जोडीदार आहे का, हे सगळे शरीर सतत तपासत असते. रानात हा भोवताल निसर्ग ठरवतो. आपल्या घरात तो आपण ठरवतो, आणि बहुतेक वेळा नकळत ठरवतो. म्हणून पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या प्रजननाचे जे होते, त्याची जबाबदारी आपल्यावर येते.

रानातला निर्णय कसा असतो, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचे आहे. डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे रोज निरीक्षण केले. तोवर सुगरणींचे घरटे हा कौतुकाचा विषय होता. त्यामागचा संसार कोणी नीट उलगडला नव्हता. सालिम अलींना दिसले की नर घरटे अर्धे विणून थांबतो. माद्या येतात, अर्धवट घरटी आत शिरून तपासतात, पसंत पडले तर तिथे राहतात, नाहीतर उडून जातात. पसंती मिळाली की नर घरटे पुरे करतो. मादी अंड्यांवर बसली की तो दुसरे घरटे विणायला घेतो. त्यांनी हे निरीक्षण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. या क्रमात अंडे सगळ्यात शेवटी येते. आधी पाऊस, मग गवताची लांब पाती, मग विणकाम, मग मादीची पारख. एकेक अट पुरी झाल्याशिवाय शरीर पुढचे पाऊल टाकत नाही.

आता घाटकोपरच्या एखाद्या दिवाणखान्यातला बजेरिगर घ्या. हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पक्षी. तिथे पाऊस कधी येईल याचा नेम नसतो. पाऊस झाला आणि गवताला दाणे धरले की थवे तिथे उतरतात, झाडाच्या ढोलीत अंडी घालतात, आणि दाणे संपले की थांबतात. हे थांबणे त्या शरीराची विश्रांती असते. आपल्या पिंजऱ्यात वाटी कधी रिकामी होत नाही. पाणी रोज ताजे असते. दुकानदाराने दिलेले भोक पाडलेले मडके, म्हणजेच ढोली, बारा महिने टांगलेले असते. मुंबईत जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो. टीव्ही आणि ट्यूबलाइट मध्यरात्रीपर्यंत चालू असलेल्या खोलीतला पक्षी मात्र वर्षभर सोळा-सतरा तासांचा दिवस पाहतो. पक्ष्याला प्रकाश केवळ डोळ्यांतूनच कळतो असेही नाही. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूतल्या खोलवरच्या पेशी टिपतात आणि तिथून प्रजननाची संप्रेरके सुरू होतात. त्या मादीचे शरीर या सगळ्याचा एकच अर्थ लावते: हंगाम चालू आहे. आणि ती अंडी घालत राहते. त्यासाठी नराची गरज नसते. एकटी मादीही फलित न झालेली अंडी घालते.

प्रत्येक अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागते. पक्षीण ते आहारातून घेते आणि लांब हाडांच्या पोकळीत अंड्यांसाठी साठवलेल्या थरातूनही काढते. बाजरी, राळे आणि सूर्यफुलाच्या बिया एवढ्यावरच जगणाऱ्या पक्ष्याला कॅल्शियम फार थोडे आणि फॉस्फरस जास्त मिळतो. ते थोडे कॅल्शियमही अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवे. ते तयार होण्यासाठी लागणारी अतिनील किरणे खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. काचेआडच्या उन्हात पिंजरा ठेवून उपयोग नाही, तो यामुळेच. कॅल्शियम कमी पडले की दोन गोष्टी एकदम बिघडतात. कवच मऊ किंवा खडबडीत होते, आणि ते अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंचा जोर जातो, कारण स्नायूंच्या आकुंचनालाही कॅल्शियमच लागते. अंडे अडकते. पक्षीण पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसते, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होते, कधी नसांवर दाब येऊन पाय लुळा पडतो. जेमतेम ३०-४० ग्रॅम वजनाच्या या जीवाकडे फार वेळ नसतो.

अशा वेळी पोट दाबू नका, तेल लावून अंडे ओढायचा प्रयत्न करू नका. अंडे आत फुटले किंवा अंडनलिका बाहेर आली तर पक्षी वाचवणे अवघड होते. खोका उबदार आणि थोडा दमट ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. कॅल्शियमचे इंजेक्शन, द्रव आणि ऊब यांनी बऱ्याच जणी सावरतात. पण खरा उपचार त्यानंतर घरी करायचा असतो. संध्याकाळी दिवेलागणीनंतर पिंजरा शांत, अंधाऱ्या खोलीत न्या आणि दहा ते बारा तास अंधार द्या. मडके आणि आरसा काढा. आधीच घातलेली अंडी मात्र उचलू नका. अंडी उचलली की ती कमी पडली असे समजून मादी पुन्हा घालते, विशेषतः कॉकाटील. त्यांच्यावर तीनेक आठवडे बसू द्या. पिल्ले निघत नाहीत हे कळले की ती स्वतःच सोडून देते. समुद्रफेस, हिरव्या पालेभाज्या आणि खास पेलेट यांची सवय हळूहळू लावा. तरीही थांबत नसेल, तर माणसांच्या उपचारात वापरले जाणारे लुप्रोलाइडसारखे औषध पक्ष्यांतही संप्रेरके शांत करायला वापरता येते.

नरांचीही एक खूण सांगून ठेवते. प्रौढ बजेरिगर नराच्या चोचीवरचा मांसल भाग निळा असतो, मादीचा तपकिरी. निळा असलेला भाग हळूहळू तपकिरी होऊ लागला, तर वृषणात गाठ होऊन ती स्त्री-संप्रेरक तयार करत असण्याची शक्यता असते. पक्ष्यांची वृषणे पोटात असतात, त्यामुळे ही गाठ बाहेरून दिसत नाही. रंगाचा हा बदल हीच तिची पहिली सूचना असते, आणि ती घरातल्या माणसालाच दिसू शकते.

आता ससा. सशाच्या मादीला गायीसारखा ठरावीक दिवसांनी माज येत नाही. समागम झाल्यावर सुमारे दहा-बारा तासांनी तिचे बीज सुटते. म्हणजे नर मिळाला की गर्भधारणा जवळजवळ ठरलेलीच. सुमारे ३० ते ३२ दिवसांत ती विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. ‘दोन्ही माद्या आहेत’ म्हणून विकलेल्या सशांना महिन्याभरात पिल्ले झाल्याचे मी वारंवार पाहते, कारण लहान सशांचे लिंग ओळखणे कठीण असते आणि दुकानात ते काळजीने पाहिले जात नाही. मग घरचे घाबरतात: आई पिल्लांजवळ बसत नाही, तिने त्यांना टाकले का? तसे नसते. सशीण पिल्लांना दिवसातून एकदा-दोनदाच, काही मिनिटे पाजते आणि लांब जाते. रानात भक्षकाला बिळाचा माग लागू नये म्हणून ही सवय घडली आहे. पिल्लांची पोटे गोल असतील, तर बाटलीने दूध पाजण्याची घाई करू नका.

सशाची मोठी अडचण पुढे येते. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात कर्करोग होण्याचे प्रमाण फार मोठे आहे. चार वर्षांवरच्या माद्यांत काही अभ्यासांत ते निम्म्याहून अधिक आढळले आहे. पहिले लक्षण बहुधा लघवीतले रक्त. अडचण अशी की वनस्पतींतल्या रंगद्रव्यांमुळे निरोगी सशाची लघवीही कधीकधी लालसर दिसते, त्यामुळे घरचे ‘गाजर खाल्लं असेल’ म्हणून वाट पाहतात. साधी तपासणी हा फरक तासाभरात सांगते. पाच-सहा महिन्यांच्या वयात नसबंदी केली तर हा रोग टळतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री सशाला उपाशी ठेवायचे नसते, हे लक्षात ठेवा. ससा ओकू शकत नाही, आणि त्याचे आतडे थांबले तर ते जिवावर बेतते. नराची नसबंदी केली तरी त्याच्यात काही आठवडे जनन क्षमता उरते. तेवढा काळ जोडी वेगळी ठेवा.

गिनीपिगची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. उंदीरवर्गातला प्राणी असूनही त्याचा गर्भकाळ लांब, दोन महिन्यांहून अधिक. पिल्ले जन्मतःच केसाळ, डोळे उघडे, आणि आईच्या मानाने चांगली मोठी. ती बाहेर यावीत म्हणून प्रसूतीच्या वेळी मादीच्या कटीचे पुढचे हाड सांध्यात विलग व्हावे लागते. मादी सहा-सात महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्याली नाही, तर तो सांधा घट्ट होतो. त्यानंतर गर्भ राहिला तर पिल्ले अडकतात आणि सिझेरियनखेरीज मार्ग उरत नाही, त्यातही धोका असतो. दुसरीकडे ही मादी एक-दीड महिन्याची असतानाच गर्भ धारण करू शकते. म्हणजे दुकानातून आणलेले ‘पिल्लू’ आधीच गाभण असू शकते. या दोन टोकांमध्ये मालकाला करण्यासारखे एकच शहाणपणाचे काम आहे: नर आणि माद्या तीन आठवड्यांच्या वयातच वेगळे करणे आणि प्रजननाच्या फंदात न पडणे. मोठ्या माद्यांत अंडाशयाच्या गाठी अगदी सर्रास आढळतात. कुशीवरचे केस दोन्ही बाजूंना सारखे गळू लागले, तर ते त्वचेचे दुखणे समजून मलमे लावत बसू नका. पोटाची सोनोग्राफी करून घ्या.

तिसरी तक्रार कासवाची. कानाजवळ लाल पट्टा असलेले रेड इअर्ड स्लायडर हे उत्तर अमेरिकेतले कासव आपल्याकडे नाण्याएवढे असताना विकले जाते. ते तेवढेच राहील असे सांगितले जाते. ते तीस वर्षे जगू शकते आणि मादी वीतभराहून मोठी होते. या कासवाचे लिंग गुणसूत्रांवरून ठरत नाही. अंडी उबताना वाळूचे तापमान सुमारे २९ अंशांच्या खाली राहिले तर नर जास्त, त्यावर गेले तर माद्या जास्त. मादी वयात आली की नर नसतानाही अंडी तयार करते, पण ती घालण्यासाठी तिला जमीन हवी असते. ओलसर माती मागच्या पायांनी उकरल्याशिवाय ती अंडी घालत नाही. काचेच्या टाकीत फक्त पाणी आणि प्लास्टिकचा दगड. ती टाकीच्या भिंती खरवडत फिरते, खाणे सोडते आणि अंडी पोटात धरून ठेवते. क्ष-किरणात कवचाची अंडी ओळीने दिसतात. अनेकदा आम्ही औषध देण्याआधी एक मोठा टब ओलसर वाळू-मातीने भरून, उबदार जागी ठेवायला सांगतो, आणि तेवढ्याने मादी मोकळी होते. तिने मागितलेली गोष्ट एवढीच असते.

कासव जड झाले म्हणून ते पवई किंवा विहारसारख्या तलावात सोडण्याची चूक कृपा करून करू नका. हे कासव जगभर उपद्रवी ठरलेल्या आगंतुक प्राण्यांपैकी एक आहे. आपल्या गोड्या पाण्यातल्या मूळच्या कासवांशी ते अन्नासाठी आणि ऊन खाण्याच्या जागेसाठी स्पर्धा करते.

आतापर्यंत घराबद्दल बोलले. आता हे प्राणी घरापर्यंत कसे येतात, त्याबद्दल. जगभर पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळे १९३० मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळ पकडलेल्या एका मादी आणि तिच्या पिल्लांचे वंशज आहेत. इतक्या अरुंद पायावर एवढी मोठी संख्या उभी राहिली. बाजारात नव्या रंगाला किंमत मिळते, आणि नवा रंग टिकवण्यासाठी भावंडांची, बाप-लेकीची जोडी लावली जाते. बॉल पायथन या आफ्रिकी अजगराच्या ‘स्पायडर’ नावाच्या रंगप्रकारात त्या नक्षीसोबत तोल जाण्याचा दोष येतो. साप मान वाकडी करून डोलत राहतो. नक्षी आणि दोष एकाच जनुकाशी बांधलेले आहेत, त्यामुळे नक्षी ठेवून दोष काढता येत नाही. बजेरिगरमध्येही पिसे न थांबता वाढत जाणारा एक आनुवंशिक दोष आहे. असा पक्षी उडू शकत नाही, नीट पाहू शकत नाही आणि फार काळ जगत नाही. त्याची छायाचित्रे मात्र गोंडस म्हणून फिरतात.

अंधेरीच्या उंबरठ्यावरचा आपला विमानतळ या बाजाराचे एक मोठे दार झाले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. अशा प्रवासातून जिवंत उरलेली मादी घरी येते तेव्हा तिचे शरीर उपासमार आणि ताण सोसून आलेले असते. तिचे वय, तिचा पूर्वेतिहास, ती गाभण आहे का, यातले काहीच कोणाला माहीत नसते. उपचार करताना आमच्यासमोर ही कोरी पाटी असते.

कायद्याने यात आता स्पष्टता आणली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या, म्हणजे ‘साइट्स’च्या यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि पिल्ले झाली तर त्यांचीही माहिती द्यावी लागते. २०२४ च्या नियमांनुसार ही नोंदणी परिवेश संकेतस्थळावर होते. आफ्रिकन ग्रे पोपट, मकाव, इग्वाना, बॉल पायथन हे सगळे यात येतात. बजेरिगर आणि कॉकाटील त्या यादीत नाहीत. आणि आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला मिठू? तो भारतीय वन्यपक्षी आहे, आणि त्याला पाळणे हा गुन्हा आहे. ढोलीतून पिल्लू असताना काढलेला पोपट माणसालाच आपल्या जातीचा समजतो. वयात आल्यावर तो घरातल्या एखाद्या व्यक्तीला जोडीदार मानतो, तिच्यापुढे चारा ओकतो, इतरांना चावतो आणि जोडीदार प्रतिसाद देत नाही म्हणून स्वतःची पिसे उपटतो. हाही प्रजननाचाच विकार आहे, फक्त तो वागणुकीतून दिसतो.

आमच्या व्यवसायाबद्दलही बोलायला हवे. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. शहरातले गोठे हलवण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत झाली. गायी-म्हशींचा माज, गाभण काळ, अडलेली प्रसूती यांचे फार सखोल ज्ञान आपल्याकडे जमले आहे. तेच शास्त्र ३० ग्रॅमच्या पक्ष्यापर्यंत आणि पाव किलोच्या कासवापर्यंत पोहोचवणे हे माझ्या पिढीचे काम आहे. त्यासाठी तरुण डॉक्टरांना शिकायची संधी हवी, आणि मालकांनीही मेलेला प्राणी शवविच्छेदनासाठी देण्याचे धैर्य दाखवायला हवे. तो का गेला हे कळले, तर पुढचा वाचतो.

श्रोतेहो, प्राणी घेण्याआधी दुकानात चार प्रश्न विचारा. हा नर की मादी? वय किती? कोणाची पिल्ले, एकाच वेतातली जोडी तर नाही? आणि नोंदणीची कागदपत्रे कुठे आहेत? २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानांनाही नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे उत्तर मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. उत्तर मिळाले नाही, तर तिथून प्राणी घेऊ नका. घेतलाच, तर त्याला पुरेसा अंधार द्या, माती द्या, उपाशी नव्हे पण मोजका आहार द्या, नसबंदीचा सल्ला वेळेत घ्या, आणि हौस म्हणून जोड्या लावू नका. एवढे आपल्या घरात होणार नसेल, तर तो प्राणी न आणणे हादेखील त्याच्यावरच्या मायेतून घेतलेला निर्णय आहे. मुलाचा हट्ट समजावून असा निर्णय घेणाऱ्या कुटुंबांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.